मोठ्या मॉलसमोर गल्लीतलं दुकान टिकतं कसं?

आज आम्ही दुकानाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे आपल्या गल्लीतल्या, पत्र्याच्या शेडमधल्या किंवा घराच्या पुढच्या खोलीतल्या छोट्या किराणा दुकानाबद्दल.

गटाच्या कर्जातून दुकान टाकलेल्या बाया आपल्या मराठवाड्यात गावोगाव आहेत. शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतली, तसंच कुणी दुकान टाकलं. लेकरांकडे बघत, स्वयंपाक सांभाळत करता येतो असा हा धंदा. पण गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी मोठमोठे मॉल उघडले. तेव्हापासून आम्ही गटांच्या मासिक बैठकांना गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आता आमच्या दुकानाचं काय?"

एका गावात एका ताईंनी हप्ता भरला, सही केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून दुकान बंद करते. राहिलेलं कर्ज मजुरी करून फेडीन." त्यांचा गल्ला निम्म्यावर आला होता. बैठक एकदम गप्प झाली. कारण त्यांना दिलेलं कर्ज म्हणजे बाकीच्या जणींनी पै-पै करून टाकलेली बचत. आणि बसलेल्या बायांपैकी निम्म्या जणी आदल्याच आठवड्यात मॉलला जाऊन आलेल्या! त्यामुळे हा प्रश्न एकट्या दुकानदारीण ताईंचा नाही, सगळ्या गटाचा आहे. तो कसा सोडवायचा, ते आज बघू.

मॉलला स्वस्त परवडतं कसं?

ज्याच्याशी सामना आहे त्याचं गणित आधी समजून घ्यायला हवं. उदाहरण म्हणून डी-मार्ट घ्या. त्यांचं पहिलं दुकान २००२ साली मुंबईत पवईला सुरू झालं. आज देशभरात त्यांची चारशेच्या वर दुकानं आहेत. एवढ्या दुकानांसाठी साबण घ्यायचा म्हणजे कंपनीकडून गाड्याच्या गाड्या उचलायच्या. जो एवढा माल उचलतो आणि पैसेही लवकर देतो, त्याला कंपनी भाव कमी करून देते. बहुतेक दुकानांची जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे, म्हणजे भाडं वाचलं. माल गिऱ्हाईकच स्वतःच्या हातानं काढतं, गाडीत घालतं आणि काउंटरवर आणतं, म्हणजे तिथंही माणसं कमी लागतात.

आणखी एक युक्ती सगळेच मोठे दुकानदार करतात. साखर, तेल, डाळ अशा ज्या वस्तूंचा भाव आपल्या तोंडपाठ असतो, त्या अगदी कमी नफ्यात विकायच्या. बाई म्हणते, "बघा, साखर किती स्वस्त!" आणि साखरेबरोबर प्लास्टिकचा डबा, चादर, बिस्किटाचा मोठा पुडा असं काय काय गाडीत पडतं. त्या वस्तूंवर नफा जास्त असतो.

यात फसवणूक काही नाही, हा धंदाच आहे. पण आपल्या दुकानदारीण ताईंनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. साखरेच्या भावात आपण मॉलला हरवू शकत नाही. मॉलच्या भावाला साखर विकायला गेलो तर पदरचे पैसे जातील. जिथं हरणं ठरलेलंच आहे, त्या आखाड्यात उतरूच नये.

मॉलला जाणाऱ्या बाईचं चुकतं का?

नाही, मुळीच नाही. गटातली बाई म्हणून गटातल्याच दुकानातून महाग घ्या, अशी शपथ कुणाला घालता येत नाही. प्रत्येकीला आपला संसार बघायचा असतो. त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. फार चांगलं झालं. दवाखाना, बँक, माहेर, सगळीकडे बाया मोकळेपणानं जायला लागल्या. त्याच एसटीनं मॉलही जवळ आला.

मात्र हिशेब पुरा करावा. समजा, घरातून १,५०० रुपयांची यादी घेऊन निघालो आणि मॉलमध्ये त्यावर १५० रुपये वाचले. आता जाण्या-येण्याचं तिकीट, उन्हात प्यायलेला रस, लेकरासाठी घेतलेला वडापाव धरा. शिवाय यादीत नसलेली एखादी वस्तू आणि अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी धरा. दीडशे रुपये कधीच संपले! पण यादी ५,००० रुपयांची असेल, दोघी-तिघी मिळून गेल्या असतील आणि यादीबाहेर हात गेला नसेल, तर खरोखरच पैसे वाचतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुड्यावर आता किमतीबरोबर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापलेला असतो. तो वाचायची सवय लावा. मोठा पुडा म्हणजे स्वस्तच, असं नसतं. शाम्पूचंच बघा. बऱ्याचदा दुकानात माळेला लटकणारी पुडी मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

दोन बाजार वेगळे

या हिशेबातून एक गोष्ट दिसते. घरातली खरेदी दोन प्रकारची असते. एक महिन्याचा बाजार आणि दुसरा रोजचा बाजार.

ज्यांच्या घरात पगार येतो, त्या घरचा महिन्याचा बाजार मॉलला गेला. तो परत येईल या आशेवर बसू नका. पण आपल्या गावात आठवड्याला मजुरी मिळणारी घरं किती? सोयाबीन निघाल्यावरच चार पैसे बघणारी घरं किती? त्यांना एकदम ५,००० रुपये बाहेर काढताच येत नाहीत. त्यांना लागतं पावशेर साखर, दहा रुपयांची चहा पावडर, एक मेणबत्ती, लेकराला वही. पाहुणा दारात उभा असताना लागतं. रात्री आठ वाजता लागतं. त्या वेळी बारा कोसांवरचा मॉल कामाचा नाही, गल्लीतलं दुकानच कामाचं. देशातला बहुतेक किराणा आजही छोट्या दुकानांमधूनच विकला जातो, तो यामुळेच.

तेव्हा दुकान मांडायचं ते रोजच्या बाजारासाठी. त्या बैठकीतल्या ताईंना आम्ही एकच काम सांगितलं होतं. एक महिना रोज काय विकलं गेलं ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यायचं. महिन्यानं वही बघितली. साठ-सत्तर प्रकारचा माल मांडलेला, पण रोज हलत होत्या वीस-पंचवीसच वस्तू. बाकीचा माल धूळ खात पडलेला. महागाचे फेस पावडरचे डबे, भेटवस्तूंचे खोके, शाम्पूच्या मोठ्या बाटल्या. कर्जाचा पैसा त्या खोक्यांमध्ये अडकून बसला होता आणि व्याज मात्र चालू होतं.

पैसा फिरला पाहिजे

हे गणित नीट ऐका, सगळ्यात महत्त्वाचं आहे. समजा, तुम्ही ९,००० रुपयांचा माल भरला आणि तो १०,००० रुपयांना विकला. नफा झाला १,००० रुपये. हा माल विकायला महिना लागला तर महिन्याची कमाई १,००० रुपये. पण तेवढाच माल आठवड्यात विकला गेला, त्याच पैशाचा पुन्हा भरला आणि असं महिन्यात चार वेळा झालं, तर कमाई ४,००० रुपये. भांडवल तेवढंच, भावही तेवढाच. फरक फक्त फिरण्याचा.

म्हणून माल थोडा भरा, पण वरचेवर भरा. जे हलत नाही ते मुद्दलाच्या भावात, वेळ पडली तर थोडं कमी घेऊनही विकून टाका आणि पैसा मोकळा करा. त्या ताईंनी यात्रेच्या दिवसांत सगळे खोके काढले आणि आलेल्या पैशात रोज लागणारा माल भरला. फ्रीजही विकायचा त्यांचा विचार होता. वही बघून ठरलं की उन्हाळ्यात तो चालवायचा, पावसाळा लागला की बंद. विजेचं बिल तेवढंच वाचलं.

हिशेबात आणखी दोन गोष्टी बायांकडून सुटतात. पहिली, दुकानातून घरात गेलेला माल. घरची साखर संपली की दुकानातली पिशवी फुटते, पोराला भूक लागली की बिस्किटाचा पुडा फुटतो. न्या, पण लिहा. दुसरी, गल्ल्यातला पैसा. घरातलं कुणी येता-जाता शंभराची नोट उचलतं आणि महिन्याअखेरी बाई म्हणते, "धंद्यात काही राहत नाही." धंद्यात राहतं, गल्ल्यात राहत नाही! गल्ल्याची किल्ली एकीच्याच हातात असावी.

आता बरीच गिऱ्हाईकं मोबाइलवरून पैसे देतात. तो क्यूआर कोड ताईंच्या स्वतःच्या बँक खात्याला जोडलेला असू द्या. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नको. खात्यात रोजची जमा दिसली की बँकेत कर्ज मागताना तोंडानं सांगावं लागत नाही, पासबुकच बोलतं. मुद्रा योजनेच्या शिशु कर्जात ५० हजारांपर्यंत रक्कम मिळते. तिथंही हा पुरावा कामाला येतो.

उधारी द्यायची, पण बांधून

मॉल उधार देत नाही. आपलं दुकान देतं. हे आपलं बळ आहे आणि दुकानं बुडतात तीही यातच.

शंभर रुपयांचा माल उधार दिला. तो आपल्याला ९० रुपयांना पडला होता. पैसे बुडाले. मग हे ९० रुपये भरून काढायला किती माल रोखीनं विकावा लागेल? शंभराला १० रुपये सुटतात, म्हणजे ९०० रुपयांचा! एक उधारी बुडाली की तिच्यामागे नऊ गिऱ्हाइकांवरची कमाई जाते.

उधारी बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. गावात ते चालायचं नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. पण नियम करा. प्रत्येक घराला एक मर्यादा, समजा ५०० रुपये. मागचं फिटल्याशिवाय पुढचं नाही. फेडीचा दिवस ठरलेला, म्हणजे आठवडी बाजाराचा किंवा मजुरी मिळण्याचा. दोन वह्या ठेवा, एक दुकानात आणि एक गिऱ्हाइकाच्या घरी. दोन्हींत एकदम लिहिलं की वाद होत नाही. ऊसतोडीला जाणारी घरं मुकादमाकडून उचल घेतात. ती हातात आल्यावर, गाडी निघण्याआधी खातं मिटवून घ्या. एकदा गाडी गेली की मग उन्हाळ्यापर्यंत वाट बघणं आलं.

आणि नाही म्हणायची लाज वाटत असेल तर गटाचं नाव पुढे करा. "मावशी, गटानं नियम केलाय, माझ्या हातात नाही," एवढं म्हटलं तरी पुरतं. नातं तुटत नाही.

चौघी मिळून एक मोठी गिऱ्हाईक

एकटी बाई मोंढ्यात जाऊन साखरेचं एक पोतं घेते, तेव्हा व्यापारी सांगेल तो भाव. पण शेजारच्या तीन-चार गावांतल्या दुकानदारीण बाया एकत्र आल्या आणि दहा पोती एकदम घेतली, तर किलोमागे रुपया-दोन रुपये सुटू शकतात. टेम्पोचं भाडंही वाटून जातं.

ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ साली एक सहकारी दुकान सुरू झालं. त्यातूनच पुढे ‘अपना बाजार’ उभा राहिला. कामगारांनीच भागभांडवल घातलं आणि कामगारांनाच रास्त भावात धान्य मिळालं. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल ठोकीनं येतो आणि घरचीच माणसं तो वाटून घेतात. मधला नफा वाचतो. पुढे मोठ्या साखळ्या आल्या तशी अपना बाजारलाही ओढाताण सोसावी लागली, हेही खरं. पण मिळून घेतलं की भाव उतरतो, हा धडा आजही खोटा ठरलेला नाही.

आपल्याकडे चार दुकानांनी असं सुरू केलं. त्यांचे नियम साधे आहेत. पैसे आधी जमा, मग माल. मोंढ्यात दरवेळी दोघींनी जायचं आणि जोडी बदलत राहायची. पावती सगळ्यांना दाखवायची. आणि एकत्र मिळून उधार कधी आणायचं नाही. पहिल्या फेरीला एकीचे पैसे वेळेवर आले नाहीत, तर तिचा माल घेतला नाही. राग आला, पण दुसऱ्या फेरीला तिचेच पैसे सगळ्यांत आधी आले.

मॉलमध्ये न मिळणारा माल

मॉलमध्ये मसाल्याची पाकिटं ओळीनं लावलेली असतात. पण आपला येसर तिथं मिळत नाही. आपल्या हाताचा काळा मसाला, कारळाची आणि जवसाची चटणी, ज्वारीचे पापड, बाजरीच्या खारोड्या तिथं मिळत नाहीत. गटातल्या बाया हे सगळं करतात आणि वर्षातून एकदा प्रदर्शनात नेतात. बाकीचे महिने काय? गल्लीतल्या दुकानाचं काउंटर हेच बारमाही प्रदर्शन आहे. दुकानाला नवा माल मिळतो आणि गटाला विक्रीची जागा मिळते.

मात्र नियम सांभाळा. कुटलेलं तिखट, हळद, मसाला सुटा विकता येत नाही, पाकीटबंदच विकावा लागतो. खाद्यतेलही सुटं विकायला मनाई आहे. पाकिटावर नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किंमत आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक हवा. छोट्या धंद्याला ही नोंदणी नाममात्र फीमध्ये होते. जे गट खाद्यपदार्थ करतात त्यांच्यासाठी केंद्र सरकारनं २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली. तिच्यात सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय केली होती. सध्या काय चालू आहे, ते ‘उमेद’च्या तालुका कार्यालयात जाऊन विचारा.

शाळेजवळ दुकान असेल तर वह्या-पेन ठेवा. जमत असेल तर मोबाइलचा रिचार्ज, वीजबिल भरून देणं, शेजारी पिठाची गिरणी. एका कामाला आलेलं माणूस दुसरं काहीतरी घेऊन जातं.

माप, तारीख आणि किंमत

मॉलचं एक मात्र शिकण्यासारखं आहे. तिथं वजनावर आणि किमतीवर कुणी शंका घेत नाही. आपल्या दुकानातही तसंच हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी वैधमापन खात्याकडून करून घ्या आणि काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे ठेवा. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. थंड पेयावर "गार करण्याचे" दोन रुपये वर घेणंही बेकायदा आहे. मुदत संपलेला माल मांडणीतून काढाच. गिऱ्हाईक म्हणून अशी अडचण आली, मग ती दुकानात असो की मॉलमध्ये, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

कुणी एजंट येऊन जीएसटीच्या नावानं घाबरवत असेल, तर हे लक्षात ठेवा. आपल्या राज्यातच माल विकणाऱ्या दुकानाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही.

बंद करायची वेळ कधी?

एवढं करूनही प्रत्येक दुकान टिकतंच असं नाही. फाट्यावरच्या एका ताईंचं दुकान बंद झालं. गावातली वस्ती रस्त्यापलीकडे सरकली आणि त्यांच्या दारावरून माणूस जायचंच थांबलं. त्यांनी तीन महिने हिशेब लिहिला, हप्ता जाऊन हातात मजुरीएवढंही उरत नाही असं दिसलं. मग माल दुसऱ्या दुकानाला दिला, कर्जाचा मोठा भाग फेडला आणि शिलाईचं काम धरलं. यात लाज कसली? हिशेब बघून बंद केलेलं दुकान म्हणजे वाचलेलं भांडवल. हिशेब न बघता रेटलेलं दुकान मात्र गटाची बचत खातं.

बैठकीत बंद करते म्हणणाऱ्या ताईंचं दुकान चालू आहे. गल्ला पूर्वीइतका नाही, पूर्वीइतका होईल असंही आम्ही म्हणणार नाही. पण हप्ता थकलेला नाही आणि लेकीची कॉलेजची फी दुकानातून गेली. गटातल्या बाया आजही मॉलला जातात. पण येसर, चहा पावडर आणि शाम्पूची पुडी ताईंकडूनच घेतात. तीच त्यांना स्वस्त पडते म्हणून.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी दोन कामं. ज्यांचं दुकान आहे त्यांनी उद्यापासून महिनाभर रोजची विक्री लिहायची आणि वही बैठकीत आणायची. ज्यांचं दुकान नाही त्यांनी आपल्या घरात महिन्याला काय मॉलमधून येतं आणि काय गल्लीतून, त्याची यादी करायची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की आपल्या गावातल्या दुकानानं काय ठेवावं, ते गटालाच कळेल. बाहेरून कुणी सांगायला नको.

वही लिहायला विसरू नका.